रिअर-फेसिंग कार सीट : हार्नेसचे पट्टे खांद्याच्या वर असावेत की खाली?

घोडबंदरची_आई

नमस्कार. आमची मुलगी सात महिन्यांची आहे. आम्ही घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीजवळ राहतो आणि तिची आजी सीवूड्सला असते, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी माजिवडा, कळवा पूल, ठाणे-बेलापूर रस्ता आणि पुढे पाम बीच मार्ग असा प्रवास होतोच. मुलीची कार सीट मागच्या आसनावर रिअर-फेसिंग, म्हणजे तिचा चेहरा गाडीच्या मागच्या काचेकडे राहील अशी बसवलेली आहे.

सीटच्या पाठीला खांद्याचे पट्टे ओवण्यासाठी तीन वेगवेगळ्या उंचीवर खाचा आहेत. सीट घेतली तेव्हा विक्रेत्याने पट्टे मधल्या खाचेतून ओवून दिले आणि मूल वाढणारच आहे तर थोडी जागा असू द्या, असे सांगितले. ती खाच आज मुलीच्या खांद्यापासून सुमारे तीन बोटे वर आहे. गेल्या रविवारी माझ्या नणंदेने ते पाहिले आणि तिलाही ते योग्य वाटले, कारण तिच्या चार वर्षांच्या मुलाच्या सीटमध्ये पट्टे खांद्याच्या वरूनच येतात. पुस्तिकेतील चित्रात मात्र पट्टा खांद्याच्या थोडा खालून बाहेर पडताना दिसतो.

मला नियम तर हवाच आहे, पण त्यामागचे कारणही हवे आहे. घरात आम्ही पाच मोठी माणसे आहोत आणि मुलीला सीटमध्ये बसवण्याचे काम आळीपाळीने सगळेच करतात. कारण कळल्याशिवाय ही गोष्ट सर्वांच्या हाताला लागणार नाही.

ऐरोलीकर

ताई, चित्र बरोबर आहे. सीटचे तोंड मागे असेल तर पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खाली असावेत, आणि तोंड पुढे असेल तर पातळीवर किंवा किंचित वर असावेत. तुमच्या नणंदेच्या मुलाची सीट पुढे तोंड करून बसवलेली असणार, त्यामुळे त्यांच्या सीटपुरते त्यांचे म्हणणेही खरे आहे.

सानपाड्याचा_बाबा

मला हे पटत नाही. पट्टा खांद्याच्या खालून निघाला तर तो खांद्यावर वळसा घेऊन पुढे येतो आणि मुलाला दाबून धरतो. आमचा मुलगा अकरा महिन्यांचा आहे. पट्टे खाली होते तेव्हा तो सारखा कुरकुरत असे, वर घेतल्यापासून शांत बसतो. मूल अस्वस्थ असेल तर गाडी चालवणाऱ्याचेही लक्ष विचलित होते, आणि तेही धोक्याचेच आहे.

यंत्रशाळा

सानपाड्याचे बाबा, तुम्ही ज्याला वळसा म्हणत आहात, तोच तर इथे हवा असतो. मी रबाळ्याला यंत्रांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात काम करतो. बालसुरक्षा हा माझा व्यवसाय नाही, पण माझ्या दोन मुलांच्या सीट बसवताना मी या गोष्टीचा बारकाईने विचार केला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

समोरून धडक होते तेव्हा गाडी थांबते, पण आतील प्रत्येक वस्तू आधीच्याच वेगाने पुढे जाऊ पाहते. पुढे तोंड करून बसलेले मूल सीटपासून सुटून पट्ट्यांवर येऊन आदळते. मागे तोंड करून बसलेले मूल मात्र सीटच्या पाठीत दाबले जाते आणि धडकेचा जोर डोके, मान आणि पाठ यांवर एकसारखा पसरतो. तान्ह्या मुलाचे डोके त्याच्या लांबीच्या जवळजवळ पावपट असते आणि मानेची हाडे व स्नायू अजून कोवळे असतात, म्हणूनच लहान मुलांना मागे तोंड करून बसवायचे.

आता पट्ट्यांचा मुद्दा. रिअर-फेसिंग सीटची पाठ उभी नसते. ती मागे रेललेली असते आणि तिचा डोक्याकडचा भाग गाडीच्या पुढच्या बाजूस असतो. घसरगुंडी डोळ्यांसमोर आणा. गाडी एकदम थांबली की मूल पाठीत दाबले जाते हे खरे, पण त्याच वेळी ते त्या उतारावरून डोक्याच्या दिशेने, म्हणजे सीटच्या वरच्या कडेकडे सरकू लागते. धडकेत सीट स्वतःही पुढे कलते, त्यामुळे ही घसरण आणखी वाढते. पट्टा खांद्याच्या खालून निघून खांद्यावरून पुढे आलेला असेल, तर मूल वर सरकू लागताक्षणी पट्टा ताणला जातो आणि खांदा तिथेच अडतो. पट्टा तीन बोटे वरून येत असेल, तर तेवढे अंतर मूल मोकळेच सरकते आणि मग पट्टा आपले काम सुरू करतो. तोवर डोके सीटच्या कवचाच्या कडेबाहेर गेले, तर ज्या कवचासाठी आपण सीट घेतली, त्याचाच आधार उरत नाही.

पुढे तोंड केलेल्या सीटमध्ये हे सगळे उलटे होते. तिथे मूल पुढे फेकले जाते आणि पट्ट्याने त्याला मागे ओढून धरायचे असते. पट्टा खांद्याच्या खालून आला तर तो खांद्यांना मागे ओढण्याऐवजी खाली दाबतो आणि तो दाब पाठीच्या कण्यावर येतो. म्हणून तिथे पट्टा वर. दोन्ही नियम एकाच विचारातून आले आहेत : मूल ज्या दिशेला जाणार, त्या दिशेला पट्ट्याने आधीच आडवे उभे असायला हवे.

घोडबंदरची_आई

यंत्रशाळा, घसरगुंडीच्या उदाहरणाने मला पहिल्यांदाच नीट उमगले. पुस्तिकेत फक्त चित्र होते आणि त्याखाली एक वाक्य होते. आज संध्याकाळी हे घरात सर्वांना वाचून दाखवते.

वाशीचे_आजोबा

माझे वय ७१ आहे आणि मला दोन नातवंडे आहेत. मनात आहे ते स्पष्ट लिहितो. आमच्या मुलांना आम्ही मांडीवर घेऊनच गावाला नेले, आणि सूनबाईंनी पहिल्यांदा नातवाला त्या सीटमध्ये पट्ट्यांनी बांधले तेव्हा माझ्या पत्नीच्या डोळ्यांत पाणी आले होते. सहा किलोचे मूल मी दोन्ही हातांनी घट्ट धरले तर ते सुटेल कसे, हा प्रश्न मी त्या वेळी विचारला होता. तो आजही अनेक घरांत विचारला जात असेल, म्हणून त्याचे उत्तर इथे कुणीतरी लिहावे.

यंत्रशाळा

काका, उत्तर साध्या गणितात आहे. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. गाडी एक दशांश सेकंदात थांबली असे धरले, तर सहा किलोच्या मुलाला धरून ठेवण्यासाठी सुमारे ८५ किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो, आणि तोही काही कळायच्या आत, त्याच एक दशांश सेकंदात. त्या क्षणी आजोबांचे स्वतःचे शरीरही पुढे जात असते. पट्टा बांधलेला नसेल तर त्यांचा भार त्या मुलावरच येतो.

वाशीचे_आजोबा

आता पटले. पत्नीलाही वाचून दाखवले. आमच्या घरी नातवाला सीटमध्ये कुणीही बसवले तरी दुसऱ्याने येऊन पट्टे पाहायचे, असा रिवाज आता सुरू करतो.

पाचपाखाडी_पश्चिम

नियम सर्व सीटना सारखाच लागू होतो, असे इथे गृहीत धरले जात आहे. त्याबद्दल मला हरकत घ्यायची आहे. आमच्याकडे युरोपीय बनावटीची तान्ह्या मुलांची सीट आहे. तिच्यात खाचाच नाहीत. हेडरेस्ट वर-खाली केले की पट्टे त्याच्याबरोबर आपोआप सरकतात. पुस्तिकेत लिहिले आहे की मुलाचा खांदा आणि हेडरेस्टची खालची कड यांत साधारण दोन बोटांचे अंतर असावे. त्या स्थितीत पट्टे आमच्या मुलीच्या खांद्याच्या बरोबरीने किंवा किंचित वरून येतात. मग मी पुस्तिका चूक मानावी का?

यंत्रशाळा

अजिबात नाही. तुमची हरकत योग्य आहे आणि माझ्या प्रतिसादात हे आधीच यायला हवे होते. प्रत्येक सीट तिच्या पुस्तिकेत सांगितलेल्या मांडणीनुसारच तपासली जाते. ज्या सीटमध्ये हेडरेस्ट आणि पट्टे एकत्र सरकतात, तिथे निर्मात्याने ठरवलेले अंतर हाच नियम. खाचांची सीट असेल आणि पुस्तिकेत खांद्याच्या पातळीवर किंवा खाली असे सांगितले असेल, तर तेच पाळावे. घोडबंदरच्या ताईंच्या पुस्तिकेतील चित्र खाली दाखवते, म्हणून त्यांच्यासाठी उत्तर खाली हेच आहे. विक्रेत्याने सांगितलेले, नणंदेने सांगितलेले आणि मी इथे लिहिलेले, यांपैकी काहीही त्या पुस्तिकेपेक्षा मोठे नाही.

पाचपाखाडी_पश्चिम

धन्यवाद. हेच जाणून घ्यायचे होते. इतर सीटमध्ये पट्टे खाली असतात असे वाचून कुणी माझ्यासारख्या सीटचे हेडरेस्ट पार खाली उतरवून ठेवेल आणि मुलाचे डोके वर उघडे पडेल, याची मला काळजी वाटत होती.

नेरुळची_परिचारिका

मी नवजात शिशूंच्या विभागात काम केले आहे. अगदी लहान बाळांबद्दल काही लिहावेसे वाटते, कारण पट्ट्यांची बहुतेक गडबड घरी नेण्याच्या पहिल्याच दिवशी होते.

आपल्याकडे बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळून, डोक्याला कुंची बांधून घरी आणतात. तसे गुंडाळलेले बाळ सीटमध्ये ठेवले तर पायांमधला पट्टा बसतच नाही, मग लोक तो तसाच सोडून देतात किंवा दुपट्यावरूनच बकल लावतात. बाळाला साधे झबले आणि लंगोट घालावा, पाय मोकळे ठेवावेत, पट्टे अंगाला लागतील असे आवळावेत आणि गाडीत वातानुकूलन असेल तर दुपटे पट्ट्यांच्या वरून पांघरावे. कुंचीचा मागचा जाड भाग मानेमागे चुरगळतो आणि डोके पुढे ढकलतो, म्हणून प्रवासात ती काढावी.

दुसरी गोष्ट कलाची. नवजात बाळाला मान धरता येत नाही. सीट फार उभी असेल तर हनुवटी छातीला टेकते आणि श्वासनलिका दबते. तान्ह्या बाळांसाठी साधारण ४५ अंशांचा कल असतो आणि बहुतेक सीटवर तो पाहण्यासाठी खूण असते. वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या बाबतीत, बाळ सीटमध्ये बसून नीट श्वास घेते की नाही, हे घरी सोडण्यापूर्वी डॉक्टरांकडून पाहून घ्यावे.

तिसरी गोष्ट थेट या धाग्याच्या प्रश्नाची आहे. काही मोठ्या सीटमध्ये सर्वात खालची खाचसुद्धा नवजात बाळाच्या खांद्याच्या वर येते. अशा वेळी सीटबरोबर आलेली नवजात बाळाची गादी बसवली की बाळ थोडे उंच होते आणि खांदा खाचेपर्यंत पोहोचतो. गादी घालूनही खांदा खालीच राहत असेल, तर ती सीट त्या बाळासाठी अजून मोठी आहे. मग बाळाखाली उशी किंवा घडी केलेली चादर घालून उंची वाढवणे हा उपाय नव्हे, कारण धडकेत मऊ कापड दबते आणि पट्टे सैल होतात. बाळ बाजूला कलंडत असेल तर दोन्ही बाजूंना छोट्या टॉवेलच्या गुंडाळ्या ठेवता येतात. पाठीमागे किंवा खाली मात्र काहीही ठेवू नये.

खारघर_सेक्टर_२०

हे वाचून हातातले काम बाजूला ठेवून लिहीत आहे. गेल्या पावसाळ्यात गायमुख घाटात समोरच्या ट्रकने अचानक ब्रेक लावला आणि माझ्या पतीनेही जोरात ब्रेक लावला. धडक झाली नाही. पण मागे वळून पाहिले तेव्हा आमचा आठ महिन्यांचा मुलगा सीटमध्ये वर सरकलेला होता आणि त्याच्या डोक्याचा वरचा भाग सीटच्या कडेच्या वर आला होता. पट्टे वरच्या खाचेत होते आणि शिवाय ढिलेही होते. त्याला झोप लागावी म्हणून मीच ते थोडे सैल केले होते. त्या दिवशी आम्ही बराच वेळ रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून बसलो होतो. मूल वर का सरकले, याचे कारण मला आज कळले.

माझे दोन प्रश्न आहेत. पट्टे किती आवळायचे, हे कसे ठरवायचे? आणि माझ्या बहिणीने अमेरिकेतून आणलेल्या सीटला छातीवर एक क्लिप आहे, आमच्या इथे घेतलेल्या सीटला ती नाही. आमच्या सीटमध्ये काही भाग कमी आला आहे का?

ऐरोलीकर

खारघरच्या ताई, आधी मुलगा सुखरूप आहे, हे वाचून बरे वाटले.

आवळण्यासाठी चिमटीची चाचणी आहे. बकल लावून पट्टे ओढून झाले की मुलाच्या गळ्याच्या हाडाजवळ, खांद्यावरच्या पट्ट्याला अंगठा आणि तर्जनी यांनी वर-खाली चिमटीत धरून पाहा. पट्ट्याची घडी चिमटीत आली तर तो अजून सैल आहे, बोटे पट्ट्यावरून नुसतीच घसरली तर पुरेसा आवळला आहे. आधी मांड्यांवरचा ढिलेपणा वर ओढून घ्यावा आणि मगच पुढचा ओढायचा पट्टा ओढावा, नाहीतर सगळी सैल पट्टी कमरेपाशी लपून राहते. कमरेचा भाग पोटावर नव्हे, तर जांघेजवळ खाली बसला पाहिजे. काही पुस्तिकांत पट्ट्याखाली एक बोट जाईल इतकी जागा सांगितलेली असते. तुमच्या पुस्तिकेत जे असेल ते पाळा.

क्लिपबद्दल निश्चिंत राहा. ती अमेरिकेतील सीटवर असते, तिचे काम पट्टे खांद्यांवर जवळ ठेवणे एवढेच असते आणि ती काखेच्या उंचीवर असावी लागते. युरोपीय नियमांनुसार तयार झालेल्या सीटमध्ये मुलाला एकाच हालचालीने सोडवता यावे अशी अट असल्यामुळे साधारणपणे ती नसते. भारताचे एआयएस-०७२ हे मानकही युरोपीय आर-४४ वर आधारलेले आहे, म्हणून इथल्या बहुतेक सीटवर तुम्हाला ती दिसणार नाही. बाजारातून वेगळी क्लिप किंवा पट्ट्यांवर चढवायची जाड गादी आणून लावू नका. सीटबरोबर जे आले नाही, ते तिच्यासोबत तपासलेले नसते.

कोपरी_पूर्व

क्लिपवरून आठवले. आमची सीट भावाकडून आलेली आहे आणि पुस्तिका हरवली आहे. ती कोणत्या नियमाची आहे, हे कसे ओळखायचे?

ऐरोलीकर

कवचाच्या मागे किंवा खाली नारिंगी पट्टी शोधा. तिच्यावर वर्तुळात ई हे रोमन अक्षर आणि त्याच्याजवळ एक आकडा असतो, शिवाय सीट किती किलोंपर्यंतच्या मुलासाठी आहे, तेही असते. मान्यता क्रमांक ०४ ने सुरू होत असेल तर ती आर-४४ ची चौथी आवृत्ती आहे. ही पट्टी सापडली की सीटचे नाव निर्मात्याच्या संकेतस्थळावर टाकून पुस्तिका मिळवा. कवचावर वापराची शेवटची तारीख कोरलेली असते का, तेही पाहा. आणि भावाला एकच प्रश्न सरळ विचारा : ही सीट गाडीत असताना कधी अपघात झाला होता का? झाला असेल तर ती वापरू नका, मग ती कितीही नवी दिसो.

सानपाड्याचा_बाबा

खारघरच्या ताईंचा अनुभव वाचल्यावर मी माझी सीट खाली जाऊन पाहिली. माझे पट्टे खांद्याच्या दोन बोटे वर आहेत आणि माझ्या पुस्तिकेतही रिअर-फेसिंगसाठी खालचेच चित्र आहे. माझे म्हणणे चुकले होते. मुलगा कुरकुरत होता त्याचे कारणही सापडले : एक पट्टा आत पिळलेला होता आणि त्याची कड त्याच्या मानेला लागत होती.

आता पट्टे खाली कसे घ्यायचे, हे कुणी सांगेल का? मागे धातूचे काहीतरी आहे, पण ते ओढायला भीती वाटते.

ऐरोलीकर

इतक्या मोकळेपणाने लिहिलेत, त्याचा इथे वाचणाऱ्या अनेकांना उपयोग होईल. कृती अशी आहे, आणि ती दिवसाउजेडी, घाई नसताना, सीट गाडीतून बाहेर काढून करा.

सीटच्या पुढच्या भागातील बटण दाबून दोन्ही खांद्यांचे पट्टे शक्य तितके पुढे ओढून सैल करा. सीट उलटी करून मागे पाहिले की दोन्ही पट्ट्यांची टोके एका धातूच्या पट्टीच्या खोबणीत अडकवलेली दिसतील. ती टोके एकेक करून खोबणीतून सोडवा. मग समोरून पट्टे बाहेर ओढून घ्या आणि खालच्या खाचेतून पुन्हा मागे घाला. इथे एक चूक फार सहज होते : कापडी आवरणाची खाच खालची असते आणि कवचाची खाच वरचीच निवडली जाते, मग पट्टा आत तिरका जातो. आवरण वर करून कवचाची खाच डोळ्यांनी पाहा. दोन्ही पट्टे एकाच उंचीच्या खाचेत आहेत ना, ते मोजा. मागे टोके खोबणीत पूर्ण आत बसवा. ती अर्धवट बसली तर जोराच्या ओढीत निसटतात. मग पुढचा पट्टा ओढून हार्नेस आवळा, प्रत्येक पट्टा स्वतंत्रपणे जोरात खेचून पाहा आणि बकलपासून खाचेपर्यंत बोट फिरवून पीळ नाही ना, ते तपासा. सीट गाडीत परत बसवल्यावर ती जिथून गाडीला जोडली आहे, तिथे धरून हलवून पाहा. तिथे ती अडीच सेंटीमीटरहून जास्त हलू नये.

मृदगंध

पावसाळ्यात पट्टे ओले झाले आणि त्यांना वास येऊ लागला म्हणून मी ते काढून कपड्यांच्या यंत्रात धुतले होते. माझ्या पुस्तिकेत याची मनाई होती, हे नंतर वाचले. पट्ट्यांचे धागे जोर झेलण्यासाठी विणलेले असतात आणि तीव्र साबण, ब्लीच किंवा यंत्रातील पिळणे यांमुळे ते कमजोर होऊ शकतात. निर्मात्याला लिहून मी नवे पट्टे मागवले. आता ओलसर फडक्याने, सौम्य साबणाच्या पाण्याने पुसते आणि सावलीत वाळवते. बकलमध्ये खाऊचे कण अडकले तर पुस्तिकेनुसार साध्या पाण्याने धुते, तेल घालत नाही.

घणसोलीची_वाचक

नियम दिशेवर ठरतो, तर दिशा कधी बदलायची? आमच्या इमारतीत बहुतेकांनी पहिल्या वाढदिवसानंतर लगेच सीट पुढे वळवली आहे. माझी मुलगी तेरा महिन्यांची आहे आणि तिचे पाय मागच्या आसनाच्या पाठीला लागतात, म्हणून घरातले आग्रह करत आहेत.

नेरुळची_परिचारिका

घाई करू नका. आर-१२९ या युरोपीय नियमात किमान १५ महिन्यांपर्यंत मागे तोंड ठेवणे बंधनकारक आहे, आणि अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१८ पासून वयाची अट न ठेवता, सीटची वजन किंवा उंचीची मर्यादा संपेपर्यंत मागेच तोंड ठेवण्याची शिफारस केली आहे. स्वीडनमध्ये चार वर्षांपर्यंत मुले अशीच बसतात. या सीटची कल्पनाही तिथलीच. बर्टिल आल्डमन या स्वीडिश प्राध्यापकांनी अंतराळवीर यानात पाठीवर रेलून बसतात हे पाहिले आणि १९६४ मध्ये मागे तोंड केलेल्या पहिल्या बालआसनाची चाचणी झाली.

पाय लागतात याची काळजी करू नका. मुले पाय दुमडून किंवा मांडी घालून आरामात बसतात. पाहायचे ते डोके. बऱ्याच सीटमध्ये डोक्याचा माथा कवचाच्या वरच्या कडेपासून किमान अडीच सेंटीमीटर खाली असावा लागतो. दुसरी खूण खांद्याची : मागे तोंड असताना वापरायच्या सर्वात वरच्या खाचेच्याही वर खांदा बराच गेला, की पुस्तिका काढून मर्यादा तपासायची. ज्या दिवशी सीट पुढे वळवाल, त्याच दिवशी पट्ट्यांची खाचही बदलायची असते. दिशा बदलली आणि पट्टे खालीच राहिले, असे मी ओळखीच्या गाड्यांत पाहिले आहे.

यंत्रशाळा

यात एक भर. भारत एनकॅप, म्हणजे नव्या गाड्यांची धडक-चाचणी घेऊन सुरक्षेचे तारे देणारा कार्यक्रम, १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाला आहे. त्यात १८ महिने आणि तीन वर्षे वयाच्या मुलांच्या प्रतिकृती कार सीटमध्ये बसवून ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरून धडक दिली जाते, आणि बालसुरक्षेसाठी ४९ गुण असतात. गाडी घेताना तारे पाहतो, तसे हे गुणही वेगळे पाहावेत. आणि समोरच्या आसनावर एअरबॅग चालू असताना मागे तोंड केलेली सीट कधीही ठेवू नये. उघडणारी एअरबॅग थेट सीटच्या पाठीवर, मुलाच्या डोक्यामागे आदळते. सूर्यपडद्यावर चिकटवलेले चित्र हेच सांगत असते.

कोपरी_पूर्व

कायद्याचेही नमूद करतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या सुधारणेने आलेल्या कलम १९४-ब नुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसनाने सुरक्षित न केल्यास १,००० रुपये दंड आहे. मी मात्र दंडाच्या भीतीने सीट घेतली नव्हती. अटल सेतूवर ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, हे वाचले आणि त्या वेगात मुलगी पत्नीच्या मांडीवर असल्याची कल्पनाच सहन झाली नाही.

भावाला विचारले. त्याच्या गाडीला दोन वर्षांपूर्वी मागून धडक बसली होती आणि सीट तेव्हा गाडीतच होती. आम्ही ती परत करत नाही, पट्टे कापून भंगारात देत आहोत, म्हणजे ती आणखी कुणाच्या मुलापर्यंत जाणार नाही.

सानपाड्याचा_बाबा

पट्टे खाली घेतले. पहिल्या प्रयत्नात उजवा पट्टा आवरणाच्या खालच्या आणि कवचाच्या मधल्या खाचेतून गेला होता, ऐरोलीकरांनी सांगितलेली नेमकी तीच चूक. दुसऱ्या वेळी दुरुस्त केली. मुलगा सानपाड्याहून बेलापूरपर्यंत शांत झोपला.

घोडबंदरची_आई

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर सीट हॉलमध्ये आणली आणि घरातील पाचही जणांना बोलावले. यंत्रशाळा यांचा प्रतिसाद वाचून दाखवल्यावर सासूबाईंनी आधी एक बाहुली घेतली, सीट पुढे कलती केली आणि पट्टे वर असताना बाहुली कशी सरकते, ते स्वतः करून पाहिले. नंतर खालच्या खाचेतून पट्टे ओवून पुन्हा केले. बाहुली जागची हलली नाही. त्यानंतर कुणालाही काही समजावून सांगावे लागले नाही. नणंदेला चलचित्र पाठवले, तिनेही स्वतःच्या सीटचे पट्टे तपासून ते तिच्या मुलाच्या दिशेप्रमाणे योग्य असल्याचे कळवले.

खालची खाच आता मुलीच्या खांद्याच्या साधारण एक बोट खाली आहे. एक शेवटचा प्रश्न उरतो. ती वाढत जाईल तशी मधली खाच पुन्हा कधी वापरायची?

ऐरोलीकर

मधल्या खाचेपर्यंत खांदा पोहोचेल तेव्हा, त्याआधी नाही. मुलगी पाठ पूर्ण टेकून बसलेली असताना खांद्याच्या वरच्या कडेवर सपाट पट्टी आडवी धरा आणि ती मागे कुठे टेकते, ते पाहा. मधल्या खाचेवर किंवा तिच्या वर टेकली तर पट्टे वर न्या, खाली टेकली तर आहेत तिथेच ठेवा.

घोडबंदरची_आई

पट्टी सीटच्या मागच्या कप्प्यात ठेवली आहे. दर महिन्याच्या एक तारखेला मोजण्याचे काम सासऱ्यांनी स्वतःहून मागून घेतले आहे.